एक मुहूर्त चुकला

हे मी मराठीत लिहिते आहे, कारण माझ्या जुन्या मालकांना मराठी वाचता येत नाही. तमिळमध्ये लिहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं असतं, आणि सध्या आमचा व्यवहार बरा चालला आहे. व्यवहार बरा चालला म्हणून राग गेला, असं मात्र कुणी समजू नये.

अक्षरं मला वडिलांनी शिकवली. ते तंजावूरला घरी हिंदीच्या शिकवण्या घ्यायचे. आमच्या इथल्या मराठी घरांत देवनागरी वाचणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत, त्यात मी एक. माझी पोरं मराठी ऐकतात आणि तमिळमध्ये उत्तर देतात. पुण्याचे नातेवाईक फोनवर माझं बोलणं ऐकून हसतात. लिहिताना मी त्यांना हसायला जागा ठेवत नाही.

तर गोष्ट माझ्या नोकरीची. तंजावूरमधल्या एका मोठ्या लग्नमंडपासाठी मी केळीच्या पानांची खरेदी करायचे. मंडपाचं स्वतःचं स्वयंपाकघर होतं आणि एकेका लग्नात तीन-तीन पंगती उठायच्या. सुरुवातीला मी तिथे पानं पुसायला लागले होते. ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचं आणि आडवं रचायचं, एवढंच काम. "रायरांच्या घरची सून पानं पुसते," असं आमच्याच लोकांनी तेव्हा म्हणून घेतलं. इथले तमिळ लोक आम्हा मराठ्यांना रायर म्हणतात. हे नाव उच्चारताना लोक जरा मान देतात आणि मागाहून तोंडाला हात लावून हसतात. मी पानं पुसता पुसता पाहत राहिले की चांगलं पान कुठल्या गावाहून येतं, कोण वरवर छान रचून आत कचरा भरतो आणि खरेदी करणारा कसा फसतो. दोन वर्षांनी तो खरेदी करणारा गेला आणि त्याची जागा मी मागून घेतली. दिली नाही कुणी, मागून घेतली.

पानांच्या जुडीला इथे कट्टु म्हणतात. लग्नाच्या पंगतीला शेंड्याचं पान लागतं. निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल असं ते मांडायचं. एका लांब पानाचं शेंड्याकडचं टोक एकच असतं. बाकीचे मधले तुकडे दिसायला तितकेच हिरवे, पण ते हॉटेलात चालतात, घरी चालतात. लग्नात वराकडच्या माणसापुढे बिनशेंड्याचा तुकडा ठेवला तर तो माणूस पंगतीतून उठतो. वर वाढलेलं सांबार कितीही चांगलं असो. म्हणून कट्टु कधी डोळ्यांनी घ्यायचा नाही. दोर सैल करून मधोमध हात खुपसायचा, पोटातली पानं चाचपायची, दांड्यावर अंगठ्याचं नख रोवून पाहायचं, आणि मग भावाला बसायचं.

भाव करताना मी आधी सगळ्यात वाईट कट्टुजवळ जाऊन उभी राहते. विकणारा घाबरून चांगला पुढे करतो. मग मी गप्प राहते. गप्प राहून जमलं नाही तर ओरडते, आणि ओरडायला मला फार वेळ लागत नाही. एकदा एका व्यापाऱ्याचा अख्खा कट्टु मी कालव्यात फेकला होता. पैसे देऊन फेकला, हे महत्त्वाचं. त्यानंतर त्याने मला कधी फसवलं नाही.

मंडपाच्या म्हाताऱ्या मालकांना आम्ही मुदलाळी म्हणायचो, आणि ते मला रायरम्मा म्हणायचे. मुदलाळींना पंचांगाचं वेड होतं. राहुकाळात ते सहीसुद्धा करायचे नाहीत. तोवर सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांचे जावई चेन्नईहून आले आणि मंडपाचा कारभार पाहू लागले. जावयाला इथे माप्पिळै म्हणतात, म्हणून सगळे त्यांना माप्पिळै सार म्हणू लागले. त्यांनी पहिल्याच महिन्यात ऑफिसच्या दाराशी अंगठ्याचं मशीन बसवलं. साडेआठला अंगठा लावला तर हजर, नाहीतर नाही.

मी त्यांना म्हटलं, "सार, पहाटे पाचला मी पानांच्या बाजारात असते. तिथे तुमचं मशीन कुठे आहे?"

"अम्मा, नियम सगळ्यांना एकच."

"मग मशीनलाच बाजारात पाठवा. भाव पण तेच करेल."

भाजी चिरणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माप्पिळै सारांना ते हसणं ऐकू गेलं आणि त्यांनी ते विसरायचं नाही असं ठरवलं. मी पण काही विसरत नाही, त्यामुळे तो स्वभाव मला लगेच ओळखू येतो.

तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती आणि मुलगा अडीचचा. नवरा बंगळूरच्या बसवर कंडक्टर. तो दोन दिवस बाहेर आणि एक दिवस घरी. सासूबाईंचे गुडघे गेलेले. धडधाकट पोराला त्या सांभाळतील; आजारी पोराला उचलून दोन जिने उतरणं त्यांच्याच्याने होत नाही. आणि पोरं तर आलटून पालटून आजारी. एकाचा ताप उतरला की दुसऱ्याचा खोकला सुरू. मुलाचा कान वरचेवर वाहायचा आणि तो ओरडून घर डोक्यावर घ्यायचा.

डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या, "ताप कधीपासून?" आणि मला कधीच नीट सांगता यायचं नाही. एकदा त्या रागावल्या. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. चुलीशेजारी आमचं रोज फाडायचं तमिळ कॅलेंडर टांगलेलं असतं, तेलाच्या दुकानाने दिलेलं. पुढच्या बाजूला तारीख, तिथी, राहुकाळ, मुहूर्ताचा दिवस असेल तर तशी खूण. मागची बाजू कोरी. मी फाडलेल्या कागदामागे लिहू लागले: 'मुलगी, ताप, सकाळपासून.' 'मुलगा, कान, औषधाचा दुसरा दिवस.' ज्या दिवशी पोरांसाठी घरी राहिले त्या दिवसाचे कागद डब्यात टाकून ठेवायचे. बाकीचे केरात.

आता पोरांचा ताप काही मुहूर्त पाहून येत नाही. पण मी पाहायचे. ज्या दिवशी मंडपात लग्न असेल त्या दिवशी घरात काहीही असो, मी जायचे. नवऱ्याची ड्यूटी बदलून घ्यायचे, शेजारणीच्या पाया पडायचे, नाहीतर पोरीला तसंच अंगावर घेऊन मंडपात जायचे आणि कोठीतल्या तांदळाच्या पोत्यांवर निजवायचे. रिकाम्या दिवशी मात्र, म्हणजे अष्टमी, नवमी, मंडपाला कुलूप आणि ऑफिसात पंख्याखाली चार माणसं जांभया देत बसलेली, अशा दिवशी मी आजारी पोर सोडून निव्वळ अंगठा लावायला जात नसे. फोन करून सांगायचे. माप्पिळै सार "सरी, सरी" म्हणायचे, म्हणजे बरं, बरं. मला वाटायचं, बरं म्हणजे बरं.

मग मुलाच्या कानाचं छोटं ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टरांनी दोन तारखा दिल्या, एक बुधवारची, एक त्यापुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारची. बुधवारी मंडपात लग्न होतं, ते मला पाठ होतं. शुक्रवारचं काय?

इथे माझी चूक झाली, आणि ती कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. आमच्या घरात दोन पंचांगं चालतात. भिंतीवरचं तमिळ, सूर्यावर चालणारं. आणि सासूबाईंच्या उशाखालचं मराठी, चंद्रावर चालणारं, जे त्यांचा भाऊ दरवर्षी पोस्टाने पाठवतो. तमिळ लोक आडी महिन्यात लग्नं करत नाहीत. आमच्या घराण्यात आषाढात करत नाहीत. आडी आणि आषाढ साधारण एकाच सुमाराला येतात, पण बरोबरीने येतीलच असं नाही. त्या वर्षी आमचा आषाढ बरेच दिवस आधी लागला होता.

मी रडणाऱ्या पोराला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होते. डॉक्टरांच्या माणसाने फोनवर विचारलं, "कुठली तारीख, अम्मा?" मी सासूबाईंना विचारलं, "शुक्रवारी काय आहे?" त्यांनी पंचांग डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाल्या, "आषाढ लागला गे. आतां लग्न कोठलं?"

मंडपाच्या वहीतही तो शुक्रवार तेव्हा रिकामाच होता. भिंतीवरचं कॅलेंडर दहा पावलांवर होतं. मी उलटून पाहिलं नाही. शुक्रवार सांगून टाकला. नंतर पाहिलं तेव्हा त्या दिवसावर मुहूर्ताची खूण ठसठशीत छापलेली होती. तमिळ लोकांचा तो आडीच्या आधीचा शेवटचा मुहूर्त.

व्हायचं तेच झालं. ओरत्तनाडूकडच्या एका कुटुंबाने घाईघाईने तोच शुक्रवार धरला. नवऱ्या मुलाला परदेशी कामावर जायचं होतं, आडी लागली तर महिनाभर खोळंबा. मला दोन दिवस आधी कळलं. ऑपरेशन पुढे ढकललं तर पुढची तारीख कधी मिळेल ते डॉक्टर सांगेनात, आणि पोराच्या कानातून तेव्हा पू येत होता. मी माप्पिळै सारांकडे गेले. सगळं समजावून सांगितलं. कुठल्या माणसाकडून घ्यायचं, किती घ्यायचं. आणि दोनदा म्हटलं, "सार, कट्टुच्या पोटात हात घाला. वरून बघू नका."

"पानंच आहेत ना, अम्मा," ते म्हणाले. "सोनं नाही."

शुक्रवारी सकाळी मी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. पोराला आत नेलं होतं. पिशवीत फोन थरथरत होता, सारखा थरथरत होता, आणि मी तो काढला नाही. पोर बाहेर आलं, झोपेत ओठ हलवत होतं, तेव्हा काढला. सव्वीस वेळा फोन आला होता.

माप्पिळै सारांनी वरून बघून कट्टु घेतले होते. वर आणि खाली शेंड्याची पानं, मध्ये सगळे तुकडे. पहिली पंगत वराकडच्यांची. अर्ध्या लोकांपुढे तुकडे मांडले गेले. वराचे काका उठले, त्यांच्यामागे चाळीस माणसं उठली. वधूचे वडील हात जोडत पंगतीच्या कडेने धावले म्हणे. मुदलाळींना, त्या वयात, सगळ्यांसमोर माफी मागावी लागली.

सोमवारी मला ऑफिसात बोलावलं. मुदलाळी खुर्चीत होते, खाली बघत. बोलले माप्पिळै सार. त्यांनी मशीनमधून काढलेली यादी टेबलावर ठेवली.

"वर्षात एकेचाळीस दिवस गैरहजर. अशा हजेरीवर कुणालाही ठेवता येत नाही."

"शुक्रवारचं बोला," मी म्हटलं. "एकेचाळीसचं काय बोलता? मी प्रत्येक वेळी फोन केला होता."

"तोंडी चालत नाही, अम्मा. अर्ज कुठे आहे?"

"तुम्ही सरी म्हणालात!"

"तोंडी चालत नाही."

मग माझा आवाज चढला. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. स्वयंपाकघरातल्या बायका अजून ते एकमेकींना सांगतात. मुदलाळींकडे वळून विचारलं, "अय्या, तुम्ही तरी बोला. मी कधी तुमची पंगत उपाशी ठेवली?" ते म्हणाले, "रायरम्मा, घरची गोष्ट वेगळी, ऑफिस वेगळं." आणि त्यांनी माझ्या हातात एक पत्र दिलं. इतकी वर्षं नोकरी केली, असं त्यात होतं. आणि खाली एक ओळ: हजेरी अत्यंत अनियमित असल्यामुळे कामावरून कमी केले.

ती ओळ मला जाळत राहिली. नोकरी गेली, त्याचं दुःख एक. पण मी शहरातल्या आणखी दोन मंडपांत विचारून पाहिलं, आणि दोन्हीकडे पत्र मागितलं. वाचलं, घडी केली, परत दिलं. एक जण तर हसून म्हणाला, "पोरं मोठी झाली की या, अम्मा." त्या एका ओळीने मला कामचुकार ठरवलं होतं, आणि पानांच्या धंद्यात ज्याचा शब्द गेला त्याला उद्या कुणी कट्टु उधार सोडा, रोखीनेही चांगला देत नाही. मला ती ओळ खोडून हवी होती. ज्याने लिहून दिली त्याच्याच हाताने.

घरी आले आणि कागदांचा तो डबा जमिनीवर पालथा केला. ऑफिसातून येताना उचलून आणलेली मशीनची यादी समोर ठेवली आणि एकेक तारीख लावत गेले. एकेचाळीस तारखा, एकेचाळीस कागद. चाळीस कागदांवर मुहूर्ताची खूण नव्हती. एकावर होती. मी सुईदोरा घेतला आणि ते सगळे कागद कोपऱ्यात शिवून टाकले. दुसऱ्या दिवशी ते घेऊन मंडपात गेले तर माप्पिळै सारांनी दारातूनच परत पाठवलं. "कॅलेंडर बघायला वेळ नाही, अम्मा."

ठीक. मग मी दुसरीकडे वेळ घालवला.

आडी लागली. आडीत लग्नं नाहीत, त्यामुळे पानांना गिऱ्हाईक नाही. बागायतदार पानं कापून बांधावर टाकतात. मी तिरुवैयारूच्या बाजूला बसने गेले, मुलाला कडेवर घेऊन, कानाला पट्टी बांधलेली. मला सगळ्या बागा नको होत्या. ज्या बागांच्या वाऱ्याच्या बाजूला बांबूचं दाट बेट आहे अशाच हव्या होत्या, कारण तिथलं पान फाटत नाही. अशा चार बागा होत्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराने मला नखशिखान्त न्याहाळलं.

"आडीत पानं घेऊन काय करणार, तायी? शेळ्या पाळल्या का?"

"आडीत देवळांत जेवणं होतात. मेस आहेत. खपवीन. तुमची सगळी घेते, रोज."

"भाव?"

"तुम्ही टाकून देता त्यापेक्षा जास्त."

तो हसला. मग मी खरं बोलले. "आडीत मी सगळी घेईन, एकही दिवस न चुकता. त्याच्या बदल्यात आवणीत पहिला हात माझा. बाजाराच्या आधी मी. आडीच्या आधी तुम्हाला मिळत होता त्या भावाने."

आवणी म्हणजे आडीनंतरचा महिना. लग्नं पुन्हा सुरू होतात ती तेव्हा. म्हाताऱ्याने बराच वेळ कान खाजवला. दोन तास लागले. मध्ये मी एकदा उठून बांधापर्यंत निघून गेले, त्यानेच हाक मारली. शेवटी पोराने त्याच्या अंगणात शी केली, त्याच्या सुनेने पोराला धुवून दिलं, आणि तो म्हणाला, "घ्या, आता पाहुणे झालात." बाकीच्या तिघांना त्याच्या नावावर पटवलं.

महिनाभर मी रोज पानं उचलली. नवऱ्याने एका जुन्या टेम्पोवाल्याला गाठून दिलं. देवळांतल्या जेवणांना पानं दिली, कॉलेजच्या मेसना दिली, इडलीच्या गाड्यांना दिली. ज्या दिवशी पोरीला ताप होता त्या दिवशी पोरगी टेम्पोच्या पुढच्या सीटवर माझ्या मांडीवर झोपली होती. पानं पोचली. काही दिवस माझ्या हातात काहीच उरलं नाही. पण एकही दिवस चुकवला नाही.

आडीच्या शेवटी वारा सुटला. आडीत वारा असतोच, पण हा दोन दिवस थांबलाच नाही. नदीकाठच्या उघड्यावरच्या बागा आडव्या झाल्या. जी झाडं उभी राहिली त्यांच्या पानांच्या झिरमिळ्या. बाजारात पान दिसेना. बांबूच्या बेटामागच्या माझ्या चार बागा मात्र उभ्या होत्या. मी जाऊन पाहिल्या आणि, खरं सांगते, बांधावर बसून एकटीच मोठ्याने हसले. म्हातारा म्हणाला, "तायी, लोकांची झाडं पडली आणि हसता?" मी तोंड मिटलं. मनातल्या मनात हसत राहिले.

आवणीच्या पहिल्या मुहूर्ताला तीन दिवस होते तेव्हा एका सकाळी आमच्या दारात मोटार थांबली. पांढरी शुभ्र वेष्टी नेसलेले मुदलाळी दोन जिने चढून वर आले, धापा टाकत. मागे माप्पिळै सार. मी मुलीची वेणी घालत होते.

सासूबाईंनी आतून मान काढून पाहिलं आणि मला मराठीत विचारलं, "हेच का ते? बसा म्हण त्यांस. पण काफीत साखर थोडी घाल."

मुदलाळी खुर्चीत बसले. "रायरम्मा, बरी आहेस?"

"बरी आहे, अय्या. पोरगाही बरा आहे, कान वाळला. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगते."

ते खुर्चीत जरा पुढे सरकले. मग विषयावर आले. मोठ्या घरचं लग्न, तीन पंगती, आणि शहरात पान नाही. "तुझ्याकडे आहेत असं ऐकलं."

"आहेत."

"काय भाव घेणार ते बोल." माप्पिळै सारांनी हे विचारलं आणि डोळे बारीक केले. मी काय मागेन याची त्यांनी येताना उजळणी केलेली दिसत होती.

"आडीच्या आधी बाजारात होता तोच भाव."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चांगला भाव ऐकून माणूस किती घाबरतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

"आणि?" मुदलाळींनी विचारलं. ते मला ओळखून होते.

मी वेणीला रिबन बांधली, आत गेले आणि शिवलेले कागद घेऊन आले. त्यांच्या हातात दिले. "हे वाचा. सगळे. मग पानांचं बोलू."

"अम्मा, आता वेळ—" माप्पिळै सारांनी सुरुवात केली.

"तुम्हाला कॅलेंडर बघायला वेळ नसतो, मला माहीत आहे. अय्यांना असतो."

मुदलाळींनी चष्मा लावला. पहिला कागद: अष्टमी. मागे: मुलगी, ताप. दुसरा: नवमी. मागे: मुलगा, कान, रात्रभर रडला. तिसरा, चौथा. पंचांग जाणणारा माणूस, त्याला काही सांगावं लागलं नाही. दहाव्या कागदानंतर त्यांचा वेग मंदावला. मध्येच थांबून ते एकदा जावयाला म्हणाले, "ह्या दिवशी मंडप बंदच होता की." जावई भिंतीवरच्या पालीकडे बघत होते. कॉफी निवली. शेवटचा कागद आला, मुहूर्ताची खूण असलेला. त्यामागे मी लिहिलं होतं: मुलगा, ऑपरेशन.

"हा तो शुक्रवार," ते म्हणाले.

"हो. तो चुकला. आमच्या पंचांगात आषाढ लागला होता, तुमच्या महिन्यात मुहूर्त उरला होता. मी भिंतीवर पाहिलं नाही. बाकी चाळीसचं मला तुम्ही सांगा, तुमची कुठली पंगत अडली?"

त्यांनी कागद नीट जुळवून मांडीवर ठेवले. "रायरम्मा, परत ये. पगार वाढवू."

"नोकरी नको. मला ती ओळ खोडून हवी." मी पत्र पुढे केलं.

"बरं, सांगतो मी सगळ्यांना. माझा शब्द."

"तोंडी चालत नाही, अय्या."

माप्पिळै सारांनी मान वर केली. तेच शब्द होते, त्यांचेच. मी ते त्यांना व्याजाशिवाय परत केले.

"ऑफिसात टाइप करून पाठवतो," माप्पिळै सार म्हणाले.

"पेन इथे आहे."

मुदलाळींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मला कळलं ते काय बघत होते. "राहुकाळ साडेदहाला संपला, अय्या," मी म्हटलं. "मी सकाळीच पाहून ठेवलं."

तेव्हा ते पहिल्यांदा हसले. पत्र गुडघ्यावर घेऊन त्यांनी ती ओळ आडवी खोडली, आणि वर तमिळमध्ये लिहायला लागले: एकही मुहूर्त चुकवला—

"थांबा," मी म्हटलं. "खोटं नको. एक चुकला. 'एक' लिहा."

"कशाला? चांगलं लिहितोय तर—"

"उद्या कुणी ओरत्तनाडूकडचा माणूस वाचेल आणि म्हणेल, बाकीचंही खोटंच असेल. एक लिहा."

त्यांनी लिहिलं: एक मुहूर्त सोडून कधीही काम अडू दिले नाही. खाली सही केली. माफीचा शब्द त्यांनी काढला नाही. मी वाट पाहिली, जिना उतरून मोटारीत बसेपर्यंत वाट पाहिली. काढला नाहीच. तेवढा राग माझ्याकडे अजून शिल्लक आहे आणि मी तो कुणाला कमी भावात देणार नाही.

मुहूर्ताच्या दिवशी टेम्पो मंडपाच्या मागच्या दाराशी लावला. माप्पिळै सार स्वतः उतरवून घ्यायला आले. मी पहिल्या कट्टुचा दोर सैल केला आणि म्हटलं, "सार, हात घाला."

"विश्वास आहे, अम्मा."

"विश्वास नको. हात घाला. कोपरापर्यंत."

भाजी चिरणाऱ्या बायका चाकू खाली ठेवून बघायला आल्या. त्यांनी बाही वर केली आणि हात घातला. चाचपून चाचपून पाहिलं. शेवटी म्हणाले, "सगळे शेंडे आहेत." मी म्हटलं, "सोनं नाही सार, पानंच आहेत." पहिल्या पंगतीत वराच्या बाजूचं एकही माणूस उठलं नाही. शेवटच्या पंगतीत माझी दोन्ही पोरं बसली. मुलीने आपल्या पानाचं टोक पाहिलं, मग भावाचं उलटं मांडलेलं पान फिरवून शेंडा त्याच्या डावीकडे आणला. तिला हे मी शिकवलं नव्हतं.

आता त्या मंडपासकट तीन मंडपांना मी पानं देते. ज्या दोन मंडपांनी पत्र परत केलं होतं तेच बाकीचे दोन. 'पोरं मोठी झाली की या' असं जो म्हणाला होता, त्याला मी दर वेळी एकच भाव सांगते आणि त्यातला पैसाही सोडत नाही.

त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मुलीला खोकला झाला. मी घरीच राहिले. सवयीने भिंतीवरचा कागद फाडला, मागे लिहिलं, 'मुलगी, खोकला, सकाळपासून,' आणि डबा उघडला. मग लक्षात आलं की हे आता कुणाला दाखवायचं नाही. डॉक्टरीणबाईंना तेवढं तोंडी सांगितलं, आणि तो कागद केरात टाकला.